शेरघाटीच्या दगडाचे कूळ

बिहारमधील गया जिल्ह्यात, जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर, शेरघाटी नावाचे गाव आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास त्या परिसरात आकाशातून स्फोटासारखे आवाज ऐकू आले आणि सुमारे पाच किलो वजनाचा एक दगड भूमीवर येऊन पडला. आकाशात क्षणभर चमकून विझते ती उल्का; जी जळून न संपता जमिनीपर्यंत पोहोचते तिला अशनी म्हणतात. शेरघाटीचा दगड हा असा अशनी होता. इंग्रजी दप्तरात गावाचे नाव ‘शेरगोटी’ असे लिहिले गेले आणि तेच पुढे जगभरच्या विज्ञानग्रंथांत रूढ झाले. या दगडाचा मोठा भाग आज कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आहे. लहान तुकडे अभ्यासासाठी परदेशांतील संग्रहालयांत गेले.

तो मंगळ ग्रहावरचा दगड आहे, ही गोष्ट पटण्याजोग्या पुराव्यानिशी कळण्यास मात्र ११८ वर्षे लागली.

व्यापारात माल समोर आला की दोन प्रश्न विचारले जातात. माल काय आहे, आणि तो कुठला आहे? पहिल्याचे उत्तर मालच देतो. सोने कसोटीच्या दगडावर घासले की कस कळतो; हिरा भिंगाखाली धरला की त्याचे गुणदोष दिसतात. दुसऱ्या प्रश्नासाठी बहुधा कागद लागतो. बीजक, आडत्याची चिठ्ठी, बंदरावरचा शिक्का असे काहीतरी. शेरघाटीच्या दगडाजवळ असा कोणताही कागद नव्हता. ताडून पाहण्यासाठी मंगळावरून मुद्दाम आणलेला नमुनाही जगात कुठे नव्हता, आणि तो आजही नाही. तरीसुद्धा त्याचे मूळ ठिकाण ठरले, आणि ते इतक्या निश्चितपणे ठरले की आता त्याविषयी जाणकारांत वाद उरलेला नाही. केवळ मालाची पारख करून मालाचे गाव सांगण्याचा हा प्रकार व्यापारी घराण्यांना विशेष रुचावा असा आहे.

पहिली पारख व्हिएन्नामध्ये झाली. तेथील राजकीय खनिजसंग्रहाचे प्रमुख गुस्ताव चेर्माक यांनी १८७२ मध्ये शेरघाटीच्या अशनीचे वर्णन प्रसिद्ध केले. दगडाची पारदर्शक होईल इतकी पातळ चकती घासून काढायची आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात फिरवून पाहायची, ही पद्धत तेव्हा नवी होती. बहुतेक दगडी अशनींमध्ये ज्वारीच्या दाण्यासारखे बारीक गोल कण आणि शुद्ध लोखंडाचे चमकते ठिपके असतात. शेरघाटीच्या दगडात यांपैकी काहीच नव्हते. तो करड्या रंगाचा, बारीक दाण्यांचा आणि पृथ्वीवरील ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकाशी आश्चर्यकारक साम्य असलेला होता. चेर्माक यांनी हे साम्य नोंदवून ठेवले. एवढी अचूक नोंद हाताशी असूनही पुढची शंभर वर्षे तिचा अर्थ कोणी पुरता लावला नाही, हे नवल आहे.

या दगडाचा सुमारे ७० टक्के भाग पायरॉक्सीन या खनिजाचा आहे. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सिलिका यांच्या संयोगातून ते घडते. शेरघाटीत त्याचे दोन प्रकार एकत्र नांदतात. पिजनाइट या प्रकारात कॅल्शियम कमी, ऑजाइट या प्रकारात ते अधिक. दोन्हींचे स्फटिक लांबट असून त्यांच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे प्रमाण जास्त, तर कडांकडे लोहाचे प्रमाण वाढत गेलेले दिसते. याचा अर्थ असा की शिलारस एकदम थिजला नाही. गाभा आधी, बहुधा जमिनीच्या पोटात, आकाराला आला; मग त्या स्फटिकांसह शिलारस वर सरकला आणि पृष्ठभागाजवळ निवताना त्यांच्यावर लोहयुक्त थर चढले. दगडाचा जवळजवळ चौथा हिस्सा फेल्डस्पार खनिजाच्या जागी असलेल्या एका काचेचा आहे. तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. उरलेल्या अल्प भागात लोह आणि टायटॅनियम यांची काळी ऑक्साइडे, कॅल्शियमची फॉस्फेटे, लोहाचे सल्फाइड आणि किंचित सिलिका सापडते.

चेर्माक यांनी चकती फिरवून पाहिली तेव्हा फेल्डस्पारचे दाणे आकाराने जसे असावेत तसेच दिसले. फेल्डस्पार ध्रुवित प्रकाशात फिरवला की आळीपाळीने उजळतो आणि काळवंडतो. हे दाणे सगळ्या दिशांना सारखेच काळे राहिले. रासायनिक घटक फेल्डस्पारचे, बाह्याकार फेल्डस्पारचा, पण आतली रचना काचेची. चेर्माक यांनी या पदार्थाला ब्रिटिश म्युझियममधील खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या सन्मानार्थ ‘मॅस्केलिनाइट’ हे नाव दिले. ही काच कशी बनली असावी, याचा उलगडा १९६३ मध्ये झाला. संशोधकांनी पृथ्वीवरच्या फेल्डस्पारयुक्त खडकावर स्फोटकांनी जबर आघात केला आणि त्यातून मॅस्केलिनाइट तयार करून दाखवले. म्हणजे शेरघाटीच्या दगडाने कधीतरी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाबाचा धक्का सोसला होता. तो धक्का क्षणाच्या अत्यल्प भागापुरताच टिकला. त्यात स्फटिकाची आतली घडी विस्कटली, बाहेरची आकृती मात्र शाबूत राहिली. दाणा न वितळताच काच झाला, की वितळून तत्काळ थिजला, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. धक्का बसला याविषयी नाहीत.

धक्क्याची आणखी एक खूण सिलिकाच्या कणांत मिळाली. वाळूतल्या गारेचेच हे द्रव्य, पण प्रचंड दाबाखाली त्याचे अणू इतके दाटीने बसले की नवेच खनिज जन्माला आले. शेरघाटीच्या दगडात प्रथम ओळखल्या गेलेल्या या खनिजाला जर्मन भूवैज्ञानिक फ्रीडरिख सायफर्ट यांच्यावरून ‘सायफर्टाइट’ असे नाव मिळाले. सिलिकाच्या ज्ञात रूपांपैकी अत्यंत घन अशा रूपांत त्याची गणना होते. कोलकात्यातल्या कपाटात शतकाहून अधिक काळ पडून असलेल्या दगडाच्या पोटात एक अज्ञात खनिज दडलेले असावे, ही कल्पना मनोरंजक आहे.

महाराष्ट्राशी या कथेचा एक खरा धागा येथे जुळतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे एका अशनीच्या आघाताने दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये पडले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून अलीकडच्या एका मोजणीनुसार त्याचे वय ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास भरते. सह्याद्रीचे कडे आणि महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांचे तट ज्या बेसाल्टचे आहेत त्यातही पायरॉक्सीन आणि फेल्डस्पार हीच दोन मुख्य खनिजे असतात. लोणारच्या विवरात खोल छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत १९७० च्या दशकात मॅस्केलिनाइट सापडले. ज्वालामुखीचा तोच खडक, आघाताने झालेली तीच काच. म्हणूनच चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारे देशोदेशीचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. पृथ्वीवरील बेसाल्टमध्ये इतके सुस्थितीतले आघातविवर अतिशय दुर्मीळ आहे. लोणारचे खडक जागच्या जागी राहिले. शेरघाटीचा दगड तशाच एका आघाताने आपल्या ग्रहावरून उडवला गेला. फरक इतकाच.

कोणत्या ग्रहावरून, हे ठरवण्यासाठी आधी भाऊबंद शोधावे लागले. फ्रान्समधील शासिन्यी येथे ३ ऑक्टोबर १८१५ रोजी पडलेला एक अशनी, आणि इजिप्तमधील नखला येथे २८ जून १९११ रोजी पडलेले सुमारे चाळीस तुकडे, हे त्याचे नातलग ठरले. नखल्याचा एक तुकडा लागून कुत्रे मेल्याची बातमी त्या वेळी वर्तमानपत्रात छापून आली होती. ती अजूनही आवडीने सांगितली जाते, परंतु तिला भक्कम आधार नाही. शासिन्यीच्या दगडात ऑलिव्हीन हे हिरवट खनिज मुख्य आहे, नखल्यात ऑजाइट, शेरघाटीत दोन पायरॉक्सीन आणि काच. वरवर पाहता तिघांत साम्य थोडे. पण तिघेही शिलारस थिजून झालेले, तिघांतही लोह धातुरूपात न राहता प्राणवायूशी संयोग पावलेले, आणि पुढे कळले त्याप्रमाणे तिघांच्याही प्राणवायूची जात एकच.

हा जातीचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. प्राणवायूचे अणू तीन वजनांचे असतात: १६, १७ आणि १८. या तिघांचे परस्परप्रमाण पृथ्वीवरच्या पाण्यात, खडकात, हाडात बदलते, पण एका ठराविक नियमाला धरूनच बदलते. दुसऱ्या ग्रहाच्या खडकांचा नियम तसाच असला तरी त्याची रेषा थोडी सरकलेली असते. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट क्लेटन यांनी या मोजणीत हयात घालवली. शेरघाटी, नखला आणि शासिन्यी या तिघांचे प्राणवायू एका रेषेवर आले, आणि ती रेषा पृथ्वीच्या आणि चंद्राच्या रेषेहून वेगळी निघाली. म्हणजे तिघांचे घर एकच, आणि ते घर पृथ्वीही नाही, चंद्रही नाही. ते कोणते, हे मात्र प्राणवायू सांगू शकत नव्हता.

पुढचा दुवा वयाने पुरवला. दगडाचे वय काढण्याची रीत व्याजाच्या हिशेबाला जवळची आहे. रुबिडियमचा एक प्रकार अतिशय संथ पण अचल गतीने स्ट्रॉन्शियममध्ये रूपांतरित होत असतो. मुद्दल किती उरले, दुसऱ्या खात्यात जमा किती झाले आणि दर काय, हे कळले की मुदत काढता येते. सर्वसाधारण अशनींची मुदत अशा हिशेबाने सुमारे ४५६ कोटी वर्षे येते, म्हणजे सूर्यमालेच्या जन्माइतकी. नखल्याच्या दगडाची आली १३० कोटी. शेरघाटीच्या खनिजांची तर अवघी १७ कोटी वर्षांच्या आसपास. काही संशोधकांनी हा आकडा आघाताने विस्कटलेला असून दगड प्रत्यक्षात चारशे कोटी वर्षांचा असावा असे प्रतिपादन केले. तथापि बहुसंख्य जाणकार १७ कोटींनाच मान्यता देतात, आणि खनिजांचा एकंदर पुरावा त्यांच्याच बाजूचा आहे.

अशनींचे सर्वसाधारण उगमस्थान म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारे लघुग्रह. हे पिंड लहान असतात. लहान भांड्यातले दूध लवकर निवते, तसे ते सूर्यमालेच्या आरंभकाळातच थंड होऊन गेले. तेथे १७ कोटी वर्षांपूर्वी शिलारस वाहणे शक्य नाही. चंद्रावरचा मोठा लाव्हाही त्याच्या फार आधीचा. इतक्या अलीकडे ज्वालामुखी जागा असायचा तर ग्रह मोठा हवा, आणि जवळपास तसा ग्रह मंगळच होता. सूर्यमालेतील सर्वांत उंच ज्वालामुखी ऑलिंपस मॉन्स हा मंगळावरच आहे, हे तोवर छायाचित्रांतून दिसले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी मंगळाचे नाव उघडपणे घेतले.

त्यावर आक्षेप आला आणि तो वाजवी होता. मंगळाच्या आकर्षणातून सुटायचे तर सेकंदाला पाच किलोमीटर वेग हवा. एवढा वेग देणारा आघात दगडाचे चूर्ण करील किंवा त्याची वाफ करील. साबूत दगड बाहेर पडेलच कसा? शिवाय मंगळावरून दगड येत असतील तर त्याहून कितीतरी जवळ असलेल्या चंद्रावरून ते का येत नाहीत? दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर अंटार्क्टिकाने दिले. तेथील बर्फ संथपणे सरकत जातो, डोंगरांना अडला की वाऱ्याने झिजतो, आणि हजारो वर्षांत त्यात गाडले गेलेले अशनी उघडे पडतात. जानेवारी १९८२ मध्ये तेथे उचललेला एक लहान दगड अपोलो यानांनी आणलेल्या चांद्रखडकांशी हुबेहूब जुळला. चंद्रावरून दगड येतात हे सिद्ध झाले. पहिल्या आक्षेपाचे उत्तर गणिताने मिळाले. मोठ्या आघाताच्या वेळी अगदी वरच्या थरात धक्क्याची लाट आणि तिचे परावर्तन एकमेकांना पुष्कळसे खोडतात. त्यामुळे पृष्ठभागालगतचे दगड तुलनेने कमी दाब सोसून मोठ्या वेगाने फेकले जातात, असे अमेरिकी शास्त्रज्ञ जे मेलोश यांनी १९८४ मध्ये दाखवले.

निर्णायक साक्ष मात्र त्याआधीच्या वर्षी पुढे आली होती. १९७९–८० च्या अंटार्क्टिक मोहिमेत एलिफंट मोरेन या ठिकाणी सुमारे आठ किलोंचा एक अशनी सापडला. त्याची खनिजे शेरघाटीच्याच वळणाची: पायरॉक्सीन आणि मॅस्केलिनाइट. त्यात आघाताने वितळून झालेल्या काळ्या काचेचे लहान लहान कप्पे होते. दगडाला धक्का बसला त्या क्षणी आसपासची हवा त्या काचेत कोंडली गेली असावी, असा तर्क होता. ह्यूस्टन येथील जॉन्सन अंतराळ केंद्रात डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती काच तापवून आतला वायू मोकळा केला आणि मोजला.

आता तुलनेला काहीतरी होते. १९७६ मध्ये अमेरिकेची दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली होती आणि त्यांनी तेथील हवेचा कस लावला होता. आर्गॉन वायूचे ४० आणि ३६ वजनाचे अणू पृथ्वीच्या हवेत सुमारे तीनशेला एक या प्रमाणात असतात; मंगळावर हे प्रमाण त्याच्या कित्येक पट भरले होते. झेनॉन वायूच्या १२९ आणि १३२ वजनाच्या अणूंचे प्रमाण पृथ्वीवर जवळजवळ बरोबरीचे, मंगळावर सुमारे अडीच पट. अंटार्क्टिकातल्या दगडाच्या काचेतला वायू पृथ्वीशी जुळला नाही, दुसऱ्या कोणत्याही अशनीतील वायूशी जुळला नाही. तो मंगळाच्या हवेशी जुळला. पुढे नत्रवायू आणि कर्बवायू यांचीही मोजणी झाली. एका अक्षावर मंगळाच्या हवेतील वायूंचे प्रमाण आणि दुसऱ्यावर काचेतील वायूंचे प्रमाण मांडले, तर सगळे बिंदू एका सरळ रेषेवर बसतात. योगायोगाने इतके आकडे जुळत नाहीत. क्युरिऑसिटी या यानाने २०१३ मध्ये मंगळावर आर्गॉनची आणखी काटेकोर मोजणी केली, तीही अशनींवरून केलेल्या अंदाजाशी मिळाली.

एलिफंट मोरेनचा दगड मंगळाचा ठरला, आणि खनिजांच्या, वयाच्या व प्राणवायूच्या नात्याने शेरघाटीही मंगळाचा ठरला. या घराण्याला ‘शेरगोटाइट’ हेच नाव आहे, आणि मंगळावरून आलेल्या ज्ञात अशनींपैकी बहुसंख्य त्याच घराण्यातले आहेत.

कूळ कळल्यावर दगडातील खनिजांचा अर्थ नव्याने लागला. शेरघाटीच्या दगडात लोहाचे ऑक्साइड सुमारे १९ टक्के आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्येही ते इतके नसते. म्हणजे पृथ्वीच्या मानाने मंगळावरचे बरेच लोह गाभ्यात न बुडता वरच्या खडकांतच राहिले. त्याच्या लाल रंगाचे मूळ या लोहसंपन्नतेत आहे. नखल्याच्या दगडात खडकावर पाण्याची क्रिया झाल्यावर बनणारी चिकणमातीसारखी खनिजे आहेत, आणि ती पृथ्वीवर पडण्याआधीचीच आहेत. मंगळावर कधीकाळी खडकांतून पाणी झिरपले होते, याचा हातात धरता येईल असा हा पुरावा. दगड अंतराळात किती काळ हिंडला हेही कळते. वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडात हेलियम आणि निऑन यांचे विशिष्ट अणू साठत जातात. त्या साठ्यावरून शेरघाटीचा दगड मंगळ सोडून पंचवीस-तीस लाख वर्षे झाली असावीत असे दिसते.

अशा पारखीत पहिला निकाल नेहमी बरोबर येतो असे नाही. २७ डिसेंबर १९८४ रोजी अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स येथे सापडलेला सुमारे १.९ किलोंचा एक दगड चुकीच्या वर्गात नोंदला गेला. लघुग्रहावरचा म्हणून तो जवळजवळ नऊ वर्षे पडून होता. नंतर त्याच्या खनिजांची फेरतपासणी झाली आणि तो मंगळाचा निघाला. तोही जवळजवळ ४१० कोटी वर्षांचा, म्हणजे मंगळाच्या बालपणातला. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी या दगडातील कार्बोनेट खनिजांत प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याचा दावा केला तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर निवेदन केले होते. तो दावा पुढे टिकला नाही. त्या खुणांपैकी प्रत्येकीची उपपत्ती सजीवांवाचूनही लावता आली. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही या दगडावर काम झाले. जे. एन. गोस्वामी, एस. व्ही. एस. मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील किरणांचे माग आणि वायू तपासून त्याचा अंतराळातील प्रवास मोजला, आणि ते संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो प्रवास दीड कोटी वर्षांच्या आसपासचा होता.

वैज्ञानिक निकाल लागला की बाजार मागे राहत नाही. आज जगात नोंदलेल्या सत्तर हजारांहून अधिक अशनींपैकी मंगळाचे चारशेच्या आसपास आहेत. साहजिकच त्यांना भाव आहे. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावगृहाने २४.६७ किलोंचा मंगळाचा दगड विकला. मंगळाचा इतका मोठा एकसंध दगड तोवर ज्ञात नव्हता. शुल्कासह त्याची किंमत सुमारे ५३ लाख डॉलर झाली. ग्रॅमचा हिशेब केला तर तो भाव त्या दिवसांतील सोन्याच्या साधारण दुप्पट पडतो. हा दगड नायजरच्या वाळवंटात सापडला होता, आणि विक्रीनंतर तो देशाबाहेर कसा गेला याची चौकशी करण्याचे तेथील सरकारने जाहीर केले. मालाची जात ठरली, भावही ठरला; मालकीचा कागद मात्र येथेही अपुराच.

अशा बाजारात खरेखोटे ठरवण्याची एक रीत आहे. जगभरच्या अशनीतज्ज्ञांची मेटिऑरिटिकल सोसायटी नव्या अशनीला अधिकृत नाव देते. त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल तेवढा तुकडा मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा जमा करावा लागतो. दगडातील पायरॉक्सीन आणि ऑलिव्हीन यांमध्ये लोह व मँगनीज यांचे परस्परप्रमाण तपासले जाते, कारण ते प्रत्येक ग्रहाचे ठरलेले असते. गरज पडली तर प्राणवायूची मोजणी होते. दागिन्यावरच्या हॉलमार्कपेक्षा ही तपासणी अधिक कडक म्हणावी लागेल. येथे तर मालाचा हिस्साच ठेवून घेतला जातो. अधिकृत नाव न मिळालेला ‘मंगळाचा दगड’ कोणी विकू लागला, तर तो घेणाऱ्याने पैसे दिले ते गोष्टीचे, दगडाचे नव्हेत.

मंगळावरच्या नेमक्या कोणत्या विवरातून कोणता दगड उडाला, हा शोध सध्या चालू आहे. विवरांचे वय, आकार आणि आसपासच्या लाव्हाचे वय ताडून थार्सिस आणि एलिसियम या ज्वालामुखी प्रदेशांतली काही विवरे संभाव्य उगमस्थाने म्हणून पुढे आली आहेत. गाव सापडले, आता गल्ली शोधणे चालले आहे, असे म्हणता येईल.

दरम्यान एका तुकड्याने उलटा प्रवासही केला आहे. १९९९ मध्ये ओमानच्या वाळवंटात सापडलेला साय्ह अल उहायमिर ००८ हा अशनी शेरगोटाइट घराण्यातलाच. त्याची एक चकती लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधून नासाच्या पर्सिव्हिअरन्स यानाला देण्यात आली. दुकानातला काटा बरोबर आहे ना हे पाहायला जसे प्रमाण वजन लागते, तसे यानावरच्या शेरलॉक या उपकरणाला खनिजे नीट ओळखता येतात ना हे तपासण्यासाठी, घटक आधीच पक्के ठाऊक असलेला दगड हवा होता. त्याच फलकावर भावी अंतराळवीरांच्या पोशाखाच्या साहित्याचे पाच नमुनेही बसवलेले आहेत. मंगळावरच्या उन्हाधुळीत ते किती टिकतात, हे पाहायचे म्हणून. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी यान जेझेरो विवरात उतरले. तेव्हापासून ते उपकरण मधूनमधून त्या चकतीवर आपली नजर पारखून घेते आणि मग आसपासच्या, कधीच कुठेही न गेलेल्या खडकांकडे वळते.